सत्तावीस नंबरचं रूपक

५ मार्च, सकाळी साडेसात

आजपासून रोजनिशी. घरात बोलायला कोणी नाही, आणि माझ्यासारख्याने बोलायचं थांबणं म्हणजे चालू नळाला बूच मारण्यासारखं. (उपमा. बरी आहे. चिठ्ठी करावी.)

ही काल संध्याकाळी भावाकडे गेली. शेजारी म्हणतील 'सोडून गेली'. शेजाऱ्यांना अतिशयोक्ती फार आवडते. दोन बॅगा नेल्या. इस्त्रीही नेली. इस्त्री नेणाऱ्या बाईचा मुक्काम चार दिवसांच्या वर नसतो, असं माझं निरीक्षण आहे. निरीक्षणाला आधार नाही.

झालं ते लिहून ठेवतो. पुढे वाद निघाला तर कागद हाताशी असावा.

माझी पेटी. लाकडी, सात खणांची. उपमा, रूपक, अतिशयोक्ती, अनुप्रास, विरोधाभास, प्रश्न आणि चढती वाक्यं. कॉलेजपासून जमवलेल्या एकूण १४१२ चिठ्ठ्या. पंप बनवणाऱ्या कंपनीत मी नावाला ऑफिस सुपरिंटेंडेंट. खरं काम मोठ्या साहेबांची भाषणं. निरोप, उद्घाटन, शोकसभा, काय वाटेल ते सांगा. पेटी उघडायची, प्रत्येक खणातून दोन-तीन चिठ्ठ्या काढायच्या, टेबलावर पत्त्यांसारख्या मांडायच्या, मध्ये 'आणि', 'परंतु' पेरायचं. वीस मिनिटांचं भाषण तयार. चिठ्ठीच्या पाठीमागे 'वापर' लिहून तारीख आणि प्रसंग टाकतो, म्हणजे त्याच माणसांपुढे तेच वाक्य पुन्हा जाऊ नये. याला शिस्त म्हणतात.

गेल्या आठवड्यात सासऱ्यांची शोकसभा झाली. ते घड्याळं दुरुस्त करायचे. मी बोललो. शेवटाला सत्तावीस नंबर काढला: 'तुम्ही नसाल तर मी म्हणजे किल्ली न दिलेलं घड्याळ.' सभेत हुंदके. ही तर ओक्साबोक्शी. कारण लग्न ठरल्यावर मी हिला जे पहिलं पत्र पाठवलं, त्यातलंच ते वाक्य. घड्याळजीच्या मुलीला शोभेल असं मला ते खास सुचलं, असं ही सव्वीस वर्षं सगळ्यांना सांगत आली. मी कधी खोडून काढलं नाही. बायकोचं बोलणं खोडणं बरं दिसत नाही.

काल सकाळी म्हणाली, ते वाक्य बाबांच्या फोटोखाली लावायचंय, लिहून द्या ना. मी दाढी करत होतो. म्हणालो, रूपकाच्या खणात बघ, सत्तावीस नंबर. घे की.

तिने घेतली. वाचली. उलटी केली.

वापर १: आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा (दुसरं बक्षीस). वापर २: हिला पत्र. वापर ३: चीफ इंजिनिअर, निरोप. वापर ४: नवा जनरेटर, उद्घाटन. वापर ५: सासरे.

ती म्हणाली, जनरेटर?

एवढंच. संध्याकाळी बॅगा.

मला वाटतं क्रम खटकला असावा. जनरेटर तिच्यानंतर आहे, हे तिने नीट पाहिलं नाही.

६ मार्च

संकल्प. एक: रविवारपर्यंत ही घरी. दोन: साधन म्हणून फोन, फार तर एक पत्र. तीन: दूध उतू जाऊ द्यायचं नाही.

तिसरा आजच मोडला. पण तो मुळात गौण होता.

फोन केला. सुरुवात निर्जीव वस्तूंना जिवंत करून. हे हमखास चालतं. कंपनीच्या रौप्यमहोत्सवाला मी 'पंपांनाही आज पान्हा फुटला' म्हटलं तेव्हा फौंड्रीवाले उभे राहिले होते. म्हणालो, घराच्या भिंती तुझी वाट बघतायत गं.

ही म्हणाली, बाथरूमच्या भिंतीला ओल आलीय, तिला म्हणावं प्लंबरची वाट बघ. आणि ठेवला.

एकंदर संभाषण झालं. तिला घराची काळजी आहे. प्रगती.

९ मार्च, रविवार, दुपारी

स्वतः गेलो. मेहुणा दातांचा डॉक्टर, दवाखाना घरातच. समोरच्याचं तोंड उघडं आणि आत हत्यार, अशा अवस्थेत बोलायची त्याला वीस वर्षांची सवय, त्यामुळे आपल्याला कोणी उत्तर देऊ शकतं हे त्याला ठाऊकच नाही. दार त्यानेच उघडलं. म्हणाला, या भाऊजी, बसा. कोचावर बसा, ती खुर्ची पेशंटची.

ही आली. समोर बसली. मी प्रश्नाचा खण वापरला. या प्रश्नाचा गुण असा की त्याला उत्तर नको असतं; उत्तर श्रोत्याच्या मनात उमटतं आणि तो आपोआप आपल्या बाजूला येतो. विचारायचं आणि मनात तीनपर्यंत मोजायचं. म्हणालो, सव्वीस वर्षांत मी तुला काय कमी केलं?

एक. दोन.

दोनलाच ही म्हणाली, लिहून घेताय का?

मग सतरा मिनिटं. सगळं लिहीत बसत नाही. एक मात्र डोक्यातून जात नाही. म्हणाली, माझं ऑपरेशन झालं, मला खोलीत आणलं, तेव्हा तुम्ही सर्जनचे आभार मानत होतात. चार मिनिटं. 'आपले हात म्हणजे' असं काहीतरी चाललं होतं. मी पाणी मागत होते. शेवटी पाणी सर्जननी दिलं.

मला ते भाषण आठवतं. पाणी आठवत नाही.

निघताना मेहुणा जिन्यापर्यंत आला. म्हणाला, भाऊजी, आमच्याकडे भूल दिल्याशिवाय दाढेला हात लावत नाहीत. तुम्ही एकदम उपटायलाच बसलात.

तात्पर्य: प्रश्न चुकीचा नव्हता. श्रोता तयारीचा निघाला.

१२ मार्च

पत्र लिहिलं. आठ पानं. खबरदारी म्हणून एकही वापरलेली चिठ्ठी घेतली नाही. सगळ्या कोऱ्या पाठीच्या, सीलबंद म्हणावं अशा. 'तू माझा श्वास, तू माझा विश्वास, तू माझा प्रवास.' तीनाचा ठेका कानात बसतो. दोन म्हटलं तर कमी वाटतं, चार म्हटलं तर यादी वाटते. चौथा शब्द 'अभ्यास' होता, मोह टाळला. सातव्या पानावर समुद्र आणला, आठव्यावर तो आटवला.

वाचून माझेच डोळे भरून आले. कुरिअरने पाठवलं.

ओल वाढलीय. प्लंबर उद्या येतो म्हणाला. तो गेल्या गुरुवारीही उद्याच येणार होता. प्लंबरकडून शिकण्यासारखं आहे: एकच शब्द, वापर अमर्याद.

१४ मार्च

पत्र परत आलं. सोबत एक कागद.

ही रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. बावीस वर्षं रिपोर्ट लिहितेय. तिच्या रिपोर्टात विशेषण नसतं. आकडा असतो, कंसात सामान्य मर्यादा असते, खाली सही. आलेला कागद त्याच नमुन्यातला. जसाच्या तसा उतरवतो:

नमुना: पत्र, आठ पानं.
उपमा: ११ (सामान्य ० ते २).
अतिशयोक्ती: १९ (सामान्य ० ते १).
'मी': ६४.
'तू': ९, पैकी ७ यमकासाठी.
माझ्याविषयी माहिती: आढळली नाही.
शेरा: नमुना पुन्हा घ्यावा. उपाशीपोटी.

सही आणि तारीख.

दोनदा वाचला. मग शेरा नीट पाहिला. 'पुन्हा घ्यावा.' म्हणजे दार उघडं आहे! बंद दाराला कोणी 'पुन्हा' म्हणत नाही. रागाच्या भरातही बाईने शेवट आशेवर केला. सव्वीस वर्षांच्या सहवासाचा परिणाम.

१७ मार्च, ऑफिसात

मोठे साहेब २९ तारखेला निवृत्त होतायत. त्यांचं शेवटचं भाषण. बोलावून म्हणाले, पस्तीस मिनिटं, आणि शेवटी बायकोचे आभार. ती पहिल्या रांगेत असेल. मी म्हणालो, साहेब, असं भाषण देतो की हॉल उठून उभा राहील. साहेब म्हणाले, मागच्या वेळी राहिला होता, पंखा पडला म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत स्टोअरकीपरजवळ मन मोकळं केलं. कंपनीत त्याला 'पूर्णविराम' म्हणतात. माल आला का विचारलं तर 'आला'. कधी आला विचारलं तर 'काल'. अशा माणसाकडून सल्ला मिळण्याची शक्यता कमी, पण ऐकून घेण्याची जास्त.

सगळं सांगितलं, चढत्या वाक्यांत. म्हणाला, घाण केलीत. मी म्हणालो, उपाय? म्हणाला, पेटी भंगारात. मी विषय बदलला. त्याला विचारलं, तुमचं घरी काही बिनसलं तर तुम्ही काय करता? म्हणाला, चुकलो म्हणतो. बरं, मग? म्हणाला, मग जेवतो.

किती दरिद्री शब्दसंग्रह. आणि डब्यात बायकोच्या हातच्या तीन भाज्या.

१८ मार्च

विरामाचा प्रयोग. मोठे वक्ते बोलून जेवढं साधतात, त्याहून जास्त गप्प राहून साधतात. अर्थात त्याआधी एखादा शब्द टाकावा लागतो.

फोन केला. म्हणालो, ऐक. आणि थांबलो.

ही म्हणाली, हॅलो. हॅलो? हॅलो! आणि कट.

पुन्हा केला. ऐक. विराम. हॅलो, हॅलो, कट.

तिसऱ्यांदा मेहुण्याने उचलला. म्हणाला, भाऊजी, रेंज नसेल तर खिडकीत जा.

खिडकीत गेलो. तोपर्यंत काय बोलायचं होतं ते विसरलो. मुळात काही ठरवलं नव्हतं. विराम हाच मजकूर होता.

१९ मार्च

लेकीचा फोन. होस्टेलवरून. इकडचं तिकडचं न बोलता म्हणाली, बाबा, माझ्या अठराव्या वाढदिवसाला तू म्हणाला होतास, 'तू आमच्या घराचं पहिलं पान.' ते पण पेटीतलं का?

मी म्हणालो, तू म्हणजे तू आहेस गं.

म्हणाली, नंबर सांग.

३०८. आधीचा वापर: कंपनीचं त्रैमासिक, प्रकाशन समारंभ. तिथे ते खरोखरच पहिल्या पानाविषयी होतं, त्यामुळे फारसं खपलं नाही. मी म्हणालो, ते कोरं होतं, तुझ्यासाठीच काढलेलं.

बराच वेळ काही बोलली नाही. माझा विरामाचा गुण तिच्यात उतरलाय. मग म्हणाली, आई तुला खोटारडा म्हणत नाही हं. आई म्हणते, बाबा खोटं बोलत नाही, पण खरं कधी बोलतो तेही कळत नाही. म्हणते, सव्वीस वर्षं प्रत्येक वाक्य उलटं करून बघायला हवं होतं का, याचा विचार करून मी दमलेय. बाबा, ती रोज रडते असं नाही. नुसती दमलीय.

मी म्हणालो, 'खोटं बोलत नाही, पण खरंही बोलत नाही', हा छान विरोधाभास आहे, आईला सांग.

तिने फोन ठेवला.

मी का बोललो ते? तोंडातून गेलं. शिंक जावी तसं. (ही उपमा नको. लिहिली, पण चिठ्ठी करणार नाही.)

२१ मार्च, दुपारी, पडल्या पडल्या

आज लॅबमध्ये गेलो. तिनेच लिहिलं होतं, नमुना पुन्हा घ्यावा, उपाशीपोटी. बारा तास सांगतात. मी सुरक्षित म्हणून वीस तास काही खाल्लं नाही. कालचा दुपारचा डबा शेवटचा.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, कुठली टेस्ट? मी म्हणालो, असतील तेवढ्या.

खुर्चीवर बसलो. ही आतून आली, मास्क, हातमोजे, ट्रे. 'पुढचे' म्हणाली आणि पुढचा मी. ट्रे खाली ठेवला. मग म्हणाली, बाही वर करा.

माझी तयारी होती. अतिशयोक्ती, ६११: 'रक्ताच्या थेंबाथेंबात तुझं नाव.' जागा, प्रसंग, श्रोता, तिन्ही जुळत होतं. असा योग आयुष्यात एकदा येतो.

म्हणालो, रक्ताच्या...

ही म्हणाली, बोलू नका, नस हलते. मूठ मिटा.

सुई गेली. नळीत रक्त चढायला लागलं. काळपट होतं, मला वाटलं होतं त्याहून फारच साधं. दुसरी नळी. तिसरी. 'असतील तेवढ्या' म्हटलं होतं ना. कान बधिर झाले, भिंत जवळ आली, लांब गेली. आणि मी काहीतरी बोललो. ठरवलं नव्हतं. कुठून आलं माहीत नाही. बोललो ते असं:

पलंग आता सगळा माझाच आहे. तरी मी कडेलाच झोपतो.

हिने सुई काढली. कापूस दाबला. तो जरुरीपेक्षा जास्त वेळ दाबून धरला. मग हळूच विचारलं, हे कुठल्या खणातलं?

मी म्हणालो, खण नाही गं. चक्कर येतेय.

तिने मला आतल्या खाटेवर आडवं केलं. साखर घालून चहा, दोन बिस्किटं. पायाखाली उशी. म्हणाली, वीस तास उपाशी राहायला कोणी सांगितलं होतं? मास्कच्या वर तिचे डोळे होते. मी उपमा शोधली. सापडली नाही. प्रथमच सापडली नाही, आणि बरं वाटलं.

निघताना म्हणाली, या आठवड्यात बाबांचं दुकान आवरायचंय. पुढच्या रविवारी येते.

येते म्हणाली. मी काही बोललो नाही. खरंच काही बोललो नाही.

२२ मार्च

प्लंबर आला! ओल थांबली. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, पण लागोपाठ लिहिल्या की वाटतो.

कालचं वाक्य विसरून जाऊ नये म्हणून चिठ्ठीवर लिहून ठेवलं. केवळ जपून ठेवायला. नंबर १४१३. कुठल्या खणात टाकावं कळेना. उपमा नाही, रूपक नाही, यमक नाही. त्यात काहीच नाही, फक्त आहे तसं आहे. अशा वाक्यांचा खणच माझ्याकडे नाही. तूर्त अतिशयोक्तीत जागा होती, तिथे ठेवलं.

पाठीमागे लिहिलं, वापर १: ही, लॅब, २१ मार्च.

संकल्प: हे कधीही, कुठेही, कोणासाठीही वापरायचं नाही. 'वापर २' हे शब्द सवयीने लिहिले गेले. पुढची जागा कोरी राहील.

२५ मार्च, ऑफिसात

साहेबांनी तिसरा मसुदा परत केला. पस्तीस मिनिटांपैकी चौतीस मान्य. शेवटचं मिनिट, बायकोचे आभार, त्यावर लाल रेघ.

मी 'संसाररथाचं दुसरं चाक' दिलं होतं. म्हणाले, गेल्या वर्षी दिलंस. 'दिव्यामागची वात' दिली. म्हणाले, ती समोर बसणार आहे रे. अठ्ठावीस वर्षं माझ्या तोंडून तुझी वाक्यं ऐकतेय. तिला पाठ आहेत. मी 'आज या प्रसंगी' म्हटलं की ती पुढचं पुटपुटते. शेवटच्या दिवशी तरी एक खरं वाक्य दे. एकच.

मी म्हणालो, बघतो.

खरं म्हणजे आहे. पण ते माझं खाजगी आहे. विषय संपला.

२७ मार्च

दिलं.

कारणं नोंदवून ठेवतो. साहेबांचा पलंग वेगळा, माझा वेगळा. शिवाय मी ते जसंच्या तसं दिलेलं नाही. 'ही माहेरी गेली की पलंग सगळा माझाच असतो, तरी मी कडेलाच झोपतो', म्हणजे सुरुवात नवी, काळ बदललेला. वाक्य कायद्याने दुसरंच झालं. तिसरं म्हणजे, ही रविवारी येतेच आहे. त्या वाक्याचं तिथलं काम झालं. चांगलं मशीन झाकून ठेवणं हा गुन्हा आहे, असं साहेब स्वतःच म्हणतात (माझी चिठ्ठी, ९४०).

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, हे तू लिहिलंस?

अठ्ठावीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. दरवेळी 'बरं आहे' म्हणून कागद खिशात. आज विचारलं. मी काय म्हणणार होतो, नाही?

म्हणालो, हो साहेब.

२८ मार्च, सकाळी

हिचा फोन. आपणहून! म्हणाली, साहेबांच्या मिसेसचा फोन आला होता, या म्हणाल्या उद्या. येते मी. तिथूनच घरी जाऊ, रविवार कशाला. एक बॅग आणि इस्त्री घेऊन येते, बाकीचं दादा आणून देईल.

मी म्हणालो, ये ये.

फोन ठेवला तेव्हा आठवलं.

दुपारी साहेबांकडे गेलो. म्हणालो, ते शेवटचं वाक्य जरा साधं वाटतं, त्याऐवजी सागर आणि सरिता घेऊ. साहेब म्हणाले, खबरदार. आरशासमोर पाठ केलंय. काल म्हणताना माझाच आवाज कापला.

घाबरण्याचं कारण नाही. हॉलचा माइक खराब आहे. मागे पूर्ण भाषणभर तो शिट्टी मारत होता. आणि समजा ऐकू आलंच, तर ती अभिमानानेच बघेल. माझं वाक्य, पाचशे माणसांपुढे. कोणत्या बायकोला आवडणार नाही?

(हा प्रश्न उत्तरासाठी नाही.)

२९ मार्च, संध्याकाळी, घरी

माइक दुरुस्त झाला होता.

ही तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पायाशी बॅग, बॅगेवर इस्त्री. शेजारी पूर्णविराम. मला पाहून हसली. मी बाजूला उभा होतो, कागद घेऊन, साहेब अडले तर शब्द पुरवायला.

साहेब अडले नाहीत. चौतीस मिनिटं नेहमीसारखी गेली. मागच्या रांगा फोनमध्ये. मग साहेबांनी कागद खाली ठेवला, पहिल्या रांगेकडे बघितलं आणि ते म्हणाले. जसं मी दिलं होतं तसं. नाही, माझ्यापेक्षा चांगलं म्हणाले. 'तरी'नंतर थांबले. तो विराम मी दिला नव्हता.

मग असेंब्लीच्या पोरांनी शिट्टी मारली, एक जण ओरडला, साहेब, कडेला का, मधे या! सगळा हॉल हसला. साहेबांच्या मिसेसनी डोळ्यांना रुमाल लावला. मग टाळ्या. मी सवयीने मोजल्या. अकरा सेकंद. आजवरचा उच्चांक.

मोजून झाल्यावर तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

ही पण टाळ्या वाजवत होती. सगळ्यांसारख्याच. सगळ्यांच्या थांबल्या तेव्हा तिच्याही थांबल्या.

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, शब्द याचे बरं का. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लॅबमध्ये मला त्या डोळ्यांना उपमा सापडली नव्हती. आज सापडली. लिहीत नाही.

चहाच्या गर्दीतून तिथे पोहोचेपर्यंत खुर्ची रिकामी. पूर्णविराम उभा होता. म्हणाला, गेल्या. मी विचारलं, काही म्हणाल्या? म्हणाला, नाही. मग थोडा वेळ घुटमळला, आणि पहिल्यांदाच न विचारता एक वाक्य बोलला. म्हणाला, इस्त्री राहिली वहिनींची. आणि ती माझ्या हातात दिली.

इस्त्री घेऊन घरी आलो. दार कुलूपबंद, तिची किल्ली उंबऱ्याच्या आत पडलेली, फटीतून सरकवलेली. पेटी टेबलावर. अतिशयोक्तीचा खण उघडा. चिठ्ठी १४१३ बाहेर, उलटी ठेवलेली. 'वापर २'ची जागा भरलेली. अक्षर तिचं, रिपोर्टात असतं तसं सुटं आणि स्वच्छ:

वापर २: साहेब, निरोप, २९ मार्च. टाळ्या ११ सेकंद.

तिनेही मोजल्या होत्या.

३० मार्च, रविवार, सकाळी

इस्त्री इथे आहे. इस्त्रीशिवाय बाईचं चार दिवसांच्या वर चालत नाही, असं माझं निरीक्षण...

मेहुण्याचा मेसेज आला. भाऊजी, इस्त्री राहू दे. नवीन घेतली.

काल मुद्दाम पलंगाच्या मधोमध झोपलो. हात पसरून. सकाळी जाग आली तेव्हा कडेला होतो.

हे तिला सांगायला हवं. फोन हातात घेतला. नंबर लावला. रिंग जायच्या आत बंद केला.

सांगणार कसं? ते वाक्य वापरून झालंय.